जामीनदार होते म्हणून विमानतळावरून परत आले: लुक आउट सर्क्युलरमधून (एलओसी) नाव निघेपर्यंतची हकिगत

शाळेच्या ऑफिसात मी ३१ वर्षं आवक-जावक रजिस्टर सांभाळलं. कागद आला की त्याला नंबर, तारीख, कुणाकडून आला, कुणाकडे गेला. त्यामुळे ९ जानेवारी २०२३ च्या रात्री विमानतळावर ऐकलेलं एक वाक्य पुढे दीड वर्ष माझ्या डोक्यातून गेलं नाही. "मॅडम, लेखी असं काही मिळत नाही."

हे सगळं लिहून काढते आहे, कारण तेव्हा मी मराठीत शोधत होते की कर्जाच्या जामिनामुळे परदेशी जाताना कुणाला असं विमानतळावर अडवलंय का, आणि पुढे काय करायचं असतं. बातम्या मोठमोठ्या लोकांच्या सापडायच्या. माझ्यासारख्या जामीनदार बाईचं काही सापडलं नाही.

आम्ही इचलकरंजीचे. धाकट्या भावाने २०१४ मध्ये ऑटोलूमचा कारखाना टाकला, एका सरकारी बँकेचं कर्ज काढून. घरातली पगारदार आणि नावावर घर असलेली मीच, म्हणून जामीनदार म्हणून सही माझी झाली. बँकेने पासपोर्टची झेरॉक्स मागितली. दोन वर्षांपूर्वी काढून ठेवलेला पासपोर्ट कपाटात कोराच पडून होता. ओळखपत्र म्हणून चालेल म्हणाले, मी दिली. सोबत दोन फोटो. त्या झेरॉक्सचं पुढे काय होईल हा विचार माझ्या मनात आला नाही, आणि येण्याचं कारणही नव्हतं.

नोटाबंदी झाली, पाठोपाठ जीएसटी आला आणि यंत्रमागाच्या गावाची कंबर मोडली. २०१९ मध्ये भावाचं खातं एनपीए, म्हणजे थकीत, झालं. मग तारणाचा ताबा घेण्याच्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस, शेडचा ताबा, मागांचा लिलाव. लिलावातून आलेली रक्कम वळती करूनही व्याजासकट १ कोटी ८० लाख राहिले आणि बँक पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात गेली. प्रत्येक नोटीस मी सही करून घेतली, प्रत्येक तारखेला वकील उभा केला. पोलिसात तक्रार नाही, एफआयआर नाही, फौजदारी काहीच नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं यावरच फिरतं.

मे २०२२ मध्ये मी निवृत्त झाले. लेक जर्मनीत श्टुटगार्टला असते, तिला दिवस गेल्याचं कळलं आणि पासपोर्टची मुदत संपत आलेली. जूनमध्ये १,५०० रुपये भरून नवा केला. पोलीस घरी येऊन गेले, पडताळणी स्वच्छ झाली, पंधरा दिवसांत पासपोर्ट हातात. ८० युरो फी भरून व्हिसाही मिळाला. म्हणजे सरकारच्या एका खात्याने मला तपासून "हरकत नाही" म्हटलं होतं.

त्या रात्री आम्ही दोघं रांगेत होतो. ह्यांचा नंबर शेजारच्या काउंटरवर लागला, शिक्का बसला, हे पलीकडे जाऊन उभे राहिले. माझा पासपोर्ट वाचल्यावर माझ्या काउंटरवरचा मुलगा पडद्याकडे पाहत राहिला, पुन्हा पासपोर्टकडे, पुन्हा माझ्याकडे. वडिलांचं नाव विचारलं. जन्मतारीख विचारली. मग फोन उचलला. पुढचं सगळं मला त्याच्या बोटांवरून आठवतं: माझा पासपोर्ट त्याने मिटला नाही, उघडाच पालथा ठेवला आणि त्यावर तळहात ठेवून बसला, जसा एखादा कागद वाऱ्याने उडू नये म्हणून धरतात.

बाजूच्या खोलीत मला पावणेदोन तास बसवलं. अधिकारी सभ्य होते, पाणी दिलं. "तुमच्यावर काही केस आहे का?" मी म्हटलं, वसुलीची आहे, भावाच्या कर्जाची. ते म्हणाले, तुमच्या नावाची लुक आउट सर्क्युलर, म्हणजे देशाबाहेर जाताना अडवण्याची सूचना, आहे, आम्हाला सोडता येणार नाही. कुणी काढली? "तुमच्या बँकेशी बोला." कधी काढली? कशासाठी? नंबर काय? त्यावर ते लेखी न मिळण्याचं उत्तर. त्यांचाही नाइलाज दिसत होता. ते यादी पाळणारे, यादीत नाव घालणारा दुसराच.

काचेपलीकडून हे खुणेने विचारत होते, काय झालं. मी फोनवर सांगितलं, तुम्ही जा. तिला सातवा संपून आठवा लागलाय, आपल्यातलं एक तरी माणूस तिथे पाहिजे. हे तयार होईनात. शेवटी गेले. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, सुंठ, झबली-टोपडी, सगळं माझ्या नावाच्या बॅगेत होतं. ती बॅग विमानातून उतरवून माझ्या हाती यायला पहाटेचे साडेतीन वाजले. तिकिटाचे ६१,००० गेले, करापोटीचे थोडे पैसे दोन महिन्यांनी परत आले.

कुणावर असा प्रसंग आला तर एवढं करा. बोर्डिंग पास परत देऊ नका, निदान त्याचा फोटो काढा. काउंटर नंबर आणि वेळ तिथेच फोनमध्ये लिहा. विमान कंपनीकडे ईमेलने मागा की तुम्हाला का उतरवलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर येतं, "इमिग्रेशनने परवानगी नाकारल्यामुळे". माझ्याकडे अख्ख्या प्रकरणातला पहिला कागद तोच होता आणि पुढे याचिकेला तोच जोडला गेला. आणि हुज्जत घालू नका, खोलीत बसलेल्या माणसाच्या हातात खरंच काही नसतं.

१२ जानेवारीला शाखेत गेले. मॅनेजर नवे, त्यांना काही माहीत नव्हतं. म्हणाले, हे वरून होतं. "वरून म्हणजे कुठून?" विभागीय कार्यालय. तिथे गेले तर म्हणाले मुख्य कार्यालय. मी अर्ज लिहिला: माझ्या नावे लुक आउट सर्क्युलर काढण्याची विनंती आपण केली आहे का, केली असल्यास तारीख, कारण आणि प्रत द्यावी. पोच देणाऱ्या बाईंनी सही केली, शिक्का मारला, आवक नंबर मात्र टाकला नाही. मी टाकून घेतला.

मग माहितीचा अधिकार. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, बँकेच्या जनमाहिती अधिकाऱ्यांना अर्ज. तिसाव्या दिवशी उत्तर आलं की कलम ८(१)(ह) खाली माहिती देता येत नाही, तपासाला बाधा येईल. तपास कसला, तर कुठेच नाही. पहिलं अपील केलं, तेही फेटाळलं. इमिग्रेशनकडे अर्ज करावा का, असं वकिलांना विचारलं. त्या म्हणाल्या, ते खातं गुप्तवार्ता विभागाच्या आधिपत्याखाली येतं आणि तो विभाग कलम २४ मुळे या कायद्यातून वगळलेला आहे, तिकडे महिने घालवू नका. दुसऱ्या अपिलातही अडकू नका, वर्ष निघून जातं. तरी पहिला अर्ज जरूर करा, कारण बँकेने माहिती नाकारल्याचा कागद कोर्टात उपयोगी पडतो.

१९ फेब्रुवारीला नातू झाला. व्हिडिओ कॉलवर पाहिला. ह्यांनी यूट्यूबवर बघून लेकीला अळिवाची खीर करून घातली, माझ्याकडून प्रमाण विचारून विचारून. तो महिना मला फार जड गेला. लोक विचारत, गेला नाहीत का? कर्ज बुडवलं म्हणून सरकारने अडवलं, असं गावात पसरायला दोन दिवस लागले. मी बाजारात जायचं टाळू लागले होते.

वकील मिळाल्या त्या मुंबईच्या, ओळखीतून. पहिल्या भेटीत त्यांनी मला दीड तास समजावून सांगितलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला झोप लागली. तुम्हालाही उपयोग होईल म्हणून ते जसं समजलं तसं मांडते.

लुक आउट सर्क्युलर, म्हणजे एलओसी, हा तेव्हा कुठल्या कायद्यातला शब्द नव्हता. गृहमंत्रालयाच्या पत्रांवर ही सगळी पद्धत उभी होती. पहिलं पत्र १९७९ चं. दिल्ली उच्च न्यायालयात प्रकरणं गेल्यावर २७ ऑक्टोबर २०१० ला सविस्तर नियम आले आणि २२ फेब्रुवारी २०२१ ला त्यांचं एकत्रित रूप. ठरावीक हुद्द्यांचे अधिकारी विनंती करतात, इमिग्रेशन ब्युरो नाव यादीत घालतं. त्यासाठी निदान तीन ओळखखुणा लागतात: नाव आणि आईवडिलांचं नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख. २०१० च्या नियमात एलओसीची मुदत एक वर्ष होती. २०२१ पासून ज्याने नाव घातलं त्यानेच काढायला सांगेपर्यंत ते राहतं. दर तिमाहीला आणि दरवर्षी फेरविचार करावा असं त्यात लिहिलंय, पण तो केला की नाही हे आपल्याला कळण्याची सोय नाही.

त्याच नियमांमध्ये आणखी एक गोष्ट आहे, जी ऐकून मी वहीत दोनदा अधोरेखित केली. ज्या माणसावर दखलपात्र गुन्हा नाही त्याला अडवता येत नाही, तो आला किंवा गेला एवढं फक्त कळवायचं असतं. मग मला अडवलं कसं? त्याला अपवादाचं कलम आहे. देशाची सुरक्षा, सार्वभौमत्व, दहशतवाद अशा गोष्टींसाठी गुन्हा नसतानाही अडवता येतं. डिसेंबर २०१७ मध्ये त्यात "देशाचं आर्थिक हित" हे शब्द आले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारी बँकांच्या अध्यक्ष, व्यवस्थापकीय संचालकांना एलओसी मागण्याचा अधिकार दिला गेला. नीरव मोदी १ जानेवारी २०१८ ला देशाबाहेर गेला होता, त्याचा सगळा गदारोळ या दुसऱ्या बदलामागे होता. त्या वर्षी मार्चमध्ये अर्थमंत्रालयाने बँकांना ५० कोटींवरच्या कर्जदारांचे पासपोर्ट तपशील गोळा करायला सांगितले होते. इचलकरंजीच्या शेडवर माग टाकणाऱ्याची बहीण या सगळ्यात कुठे बसते?

त्याच बैठकीत विजय मल्ल्याचा विषय निघाला. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याच्या नावे "अडवा" अशी नोटीस होती. पुढच्याच महिन्यात ती बदलून "फक्त कळवा" अशी केली गेली आणि २ मार्च २०१६ ला तो गेला. "अडवा" आणि "कळवा" यांत एका शब्दाचा फरक, आणि तो शब्द कुणी, कधी, का बदलला हे ठरवणाराही बंद दाराआडच. मला याचा संताप आला आणि अजूनही येतो.

वाट बघण्याच्या दिवसांत मी प्रिया पिल्लै यांचं प्रकरण वाचून काढलं. ग्रीनपीसच्या या कार्यकर्तीला ११ जानेवारी २०१५ ला दिल्ली विमानतळावर उतरवलं होतं. मध्य प्रदेशातल्या महान कोळसा खाणीबद्दल ब्रिटिश खासदारांपुढे बोलायला त्या लंडनला निघाल्या होत्या. गुन्हा काही नव्हता. दिल्ली उच्च न्यायालयाने १२ मार्च २०१५ ला ती एलओसी रद्द केली आणि पासपोर्टवरचा शेराही काढायला लावला. दोन महिन्यांत! मी उगाच आशा धरली.

एलओसीविरुद्ध मुंबई हायकोर्टात याचिका करायचं ठरलं. तिचा खर्च उघड सांगते, कारण कुणी सांगत नाही. मसुदा, दाखल करणं आणि पहिल्या सुनावणीपर्यंत ७५,०००. पुढे प्रत्यक्ष चाललेल्या प्रत्येक सुनावणीचे १५,०००. टायपिंग, झेरॉक्स, शपथपत्र वगैरे ६,००० च्या आसपास. सगळं मिळून शेवटी १ लाख ४० हजारांच्या आसपास झाले. माझ्या ग्रॅच्युइटीतून दिले. भाऊ द्यायला निघाला होता, पण त्याच्याकडे होते कुठे?

२४ एप्रिलला याचिका दाखल झाली, मग मे महिन्याची सुट्टी. जून-जुलैत तीनदा बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, नाव लागलं. एकदा ५८ नंबर, पोचलंच नाही. एकदा बँकेच्या वकिलांनी वेळ मागितला. एकदा खंडपीठ बसलं नाही. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस, सकाळी स्टेशनवरच तोंड धुऊन हायकोर्ट, पासच्या रांगेत आधारकार्ड दाखवायचं आणि संध्याकाळी तशीच परत. खरं तर अशीलाने जायची गरज नसते, बोर्ड आदल्या दिवशी कोर्टाच्या वेबसाइटवर दिसतो. दोन खेपांनंतर वकिलांनीच मला थांबवलं. (ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांची ही पायपीट आता वाचेल.)

३ ऑगस्टला बँकेचं उत्तर दाखल झालं आणि वकिलांनी पीडीएफ पाठवलं. ४१ पानं. ती मी शाळेतल्या जुन्या सहकाऱ्याच्या दुकानात छापून घेतली आणि तिथेच स्टुलावर बसून वाचायला लागले. २७ व्या पानावर विनंतीचा नमुना होता. एका पानाचा तक्ता. माझं नाव, वडिलांचं नाव, नवऱ्याचं नाव, जन्मतारीख, राहता पत्ता, जुन्या पासपोर्टचा क्रमांक. "कारण" या रकान्यात "देशाच्या आर्थिक हितास बाधक". तारीख ऑगस्ट २०२१. म्हणजे मी जेव्हा पासपोर्टसाठी रांगेत उभी होते, पोलीस घरी येऊन चहा पिऊन गेले, तेव्हा माझं नाव दहा महिने त्या यादीत होतं.

आणि उजव्या कोपऱ्यात माझा फोटो. २०१४ चा. भावाच्या कारखान्याच्या कागदांसाठी स्टुडिओत जाऊन काढलेला, जांभळ्या काठाची साडी, केसात अबोलीचा गजरा. त्या दिवशी आम्ही सगळेच आनंदात होतो, फोटो काढून झाल्यावर भावाने सगळ्यांना लस्सी पाजली होती. झेरॉक्सच्या झेरॉक्समुळे गजरा काळ्या डागासारखा उमटला होता. मला अडवलं त्याचं जेवढं दुःख झालं नव्हतं तेवढं हे पान बघून झालं. भावाला आधार म्हणून विश्वासाने दिलेला फोटो आणि पासपोर्ट, आणि त्याच कागदांनी मला देशाला धोका ठरवलं.

एक गोष्ट कळली: बँकेकडचा पासपोर्ट क्रमांक जुना होता, तरी मी सापडले. नाव आणि जन्मतारीख पुरली. नवा पासपोर्ट केला की सुटलो असं कुणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नका.

वकिलांनी आता अंतरिम परवानगी मागितली. मूळ याचिका लांबत होती, नातू सात महिन्यांचा होत आला होता. त्यासाठी हे जोडलं: जाण्या-येण्याच्या तारखा, लेकीचा पत्ता आणि फोन, जावयाचं पत्र, माझं पेन्शनचं कागदपत्र, घराचा उतारा, आणि ठरल्या तारखेला परत येईन, घर विकणार वा गहाण टाकणार नाही असं हमीपत्र. तिकीट आधी काढू नका, फक्त आरक्षणाचा कच्चा तपशील द्या. बँकेने विरोध केला. न्यायमूर्तींनी विचारलं, यांच्यावर गुन्हा आहे का? नाही. न्यायाधिकरणाने परदेशी जाऊ नये असा काही आदेश दिलाय का? नाही. ११ सप्टेंबरला आदेश झाला: १ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर २०२३ एवढ्या काळापुरती एलओसी स्थगित.

आदेश मिळाला म्हणजे विमानतळाला तो कळतो, असं नाही. वकिलांनी आदेशाची प्रत इमिग्रेशनला ईमेलने पाठवली, एका कारकुनाला प्रत्यक्ष पाठवून पोच घेतली. मी प्रमाणित प्रतीच्या तीन झेरॉक्स आणि ती पोच हातातल्या पर्समध्ये ठेवली, चेक-इनच्या बॅगेत नाही. विमानाच्या पाच तास आधी गेले. काउंटरवर पुन्हा तोच पडद्याकडे बघणारा चेहरा, पुन्हा ती खोली. मी विचारायच्या आधीच आदेश पुढे ठेवला. फोनाफोनी झाली, पन्नास मिनिटं लागली. माझे हात इतके थरथरत होते की पाण्याचा ग्लास मी टेबलावरच ठेवला. मग शिक्का बसला.

लेकीकडचे पाच आठवडे माझ्यापाशीच ठेवते. १० नोव्हेंबरला, धनत्रयोदशीला परत आले. मुदतीच्या पाच दिवस आधी, मुद्दाम. परत आल्याचं शपथपत्र दाखल केलं, पासपोर्टच्या शिक्क्यांच्या पानांसकट. हे विसरू नका, पुढच्या वेळी तेच कामाला येतं.

मग २३ एप्रिल २०२४. दुपारी वकिलांचा मेसेज आला, "टीव्ही लावा". मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती माधव जामदार यांच्या खंडपीठाने अशाच अनेक याचिकांवर एकत्र निकाल दिला होता. सरकारी बँकांच्या प्रमुखांना एलओसी मागण्याचा अधिकार देणारं कलम त्यांनी घटनेच्या अनुच्छेद १४ आणि २१ विरुद्ध ठरवलं आणि सरकारी बँकांच्या सांगण्यावरून काढलेल्या एलओसी रद्द केल्या. बँकेचं आर्थिक हित म्हणजे देशाचं आर्थिक हित नव्हे, आणि वसुलीसाठी कायद्याने जे मार्ग दिलेत ते टाळून असं नाक दाबता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ मला वकिलांनी सांगितला. खाजगी बँकांना हा अधिकार नाही आणि सरकारी बँकांनाच का, हाही मुद्दा त्यात होता. माझी याचिका त्या गठ्ठ्यात नव्हती, पण तिच्यातला प्रश्न तोच होता.

नीट समजून घ्या, या निकालाने सगळ्या एलओसी गेलेल्या नाहीत. पोलीस, सीबीआय, ईडी यांनी काढलेल्या वेगळ्या. फौजदारी कोर्टाचा किंवा न्यायाधिकरणाचा तुमच्याविरुद्ध आदेश असेल तर तो कायम आहे. कर्जही माफ झालेलं नाही. आमचा पुण्यातला दावा चालूच आहे आणि तो चालावा, देणं आहे ते आहे.

त्या निकालाचा आधार घेऊन माझी याचिका ८ जुलै २०२४ ला निकाली निघाली. पुढे पुन्हा तोच प्रश्न. नाव प्रत्यक्षात निघालं का? ते बघायला कुठलीही खिडकी नाही, वेबसाइट नाही, फोन नंबर नाही. वकिलांनी बँकेला नोटीस पाठवली की नाव काढण्याची विनंती केल्याची प्रत द्या. तीन आठवड्यांनी, २ ऑगस्टला, बँकेचं दोन ओळींचं पत्र आलं: संबंधित यंत्रणेस कळवण्यात आले आहे. संबंधित यंत्रणेने काय केलं, हे कुणी सांगत नाही. खात्री करायचा एकच मार्ग, तिकीट काढून रांगेत उभं राहणं.

डिसेंबर २०२४ मध्ये उभी राहिले. व्हिसाची फी तोवर ९० युरो झाली होती. पर्समध्ये निकालाची प्रत, बँकेचं पत्र, सगळं होतं. काउंटरवर मुलगी होती, विशीतली. पासपोर्ट वाचला, विचारलं, कुठे चाललात? नातवाकडे. तिने शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हात केला. मी तिथेच उभी. ती म्हणाली, "आजी, झालं तुमचं."

परत आल्यावर मी बँकेला एक अर्ज दिला. २०१४ साली दिलेला माझा फोटो आणि पासपोर्टची प्रत कोणकोणत्या कार्यालयांना पाठवली त्याची यादी द्यावी, आणि जिथे जिथे ती आता अनावश्यक आहे तिथून काढून टाकल्याचं कळवावं. वकील म्हणाल्या, फार अपेक्षा ठेवू नका. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या डेटा संरक्षण कायद्यातही थकीत कर्जदारांच्या मालमत्तेची माहिती काढण्यासाठी सूट ठेवली आहे, आणि मी जामीनदार असले तरी बँक तिकडेच बोट दाखवेल. तरी दिला. आता कुठेही झेरॉक्स देताना मी तिच्यावर आडवं लिहिते: कशासाठी, कुणाला, तारीख, सही. शाळेत पालकांकडून आम्ही हजारो कागद घेतले, तेव्हा हे कुणाला लिहायला सांगितलं नाही याची आता खंत वाटते.

अर्जाला आवक नंबर मिळाला आहे, ११७. चार महिने झाले. मागच्या आठवड्यात विचारायला गेले तर टेबलावरच्या मुलाने रजिस्टर उघडून मला ती ओळ दाखवली. पुढचा रकाना, "कोणाकडे पाठवला", कोरा होता. मी त्याला पेन दिलं आणि तो भरून घेतला. विभागीय कार्यालय. उद्या तिथे जाणार आहे.